कर्वे पुतळा ते फलटण: पडद्यापलीकडच्या आजीची गोष्ट

कोथरूडमधून, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आणि खालच्या रस्त्यावरचे हॉर्न शक्य तितके गाळून, आजचा भाग तुमच्यासाठी. नेहमीप्रमाणे ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. बोलताना जे 'म्हणजे', 'ॲक्च्युअली' येतात त्यातले निम्मे मी काढलेत, निम्मे राहू दिलेत.

आजचा प्रश्न साधा आहे. व्हिडिओ कॉलवरून दुसऱ्या देशातला, दुसऱ्या भाषेतला माणूस खरंच कळतो का? आणि शाळेतल्या मुलांना तो तसा कळावा म्हणून आपल्या महाराष्ट्रात कुणी काय काय करून पाहिलंय?

या विषयाला शिक्षणशास्त्रात एक भारदस्त नाव आहे, आंतरसांस्कृतिक क्षमता. माझ्या भाषेत सांगायचं तर आपल्यापेक्षा वेगळ्या घरात वाढलेल्या माणसाला 'हा विचित्र आहे' असं न म्हणता 'याच्या जागेवरून हे असं दिसत असणार' असं म्हणता येणं. आमच्या आयटीत याचे ऑनलाइन कोर्स असतात. मीही एक केलाय. नव्वद मिनिटांचे व्हिडिओ, शेवटी प्रश्नमंजुषा: अमुक देशाचे लोक वेळ पाळतात, तमुक देशाचे लोक 'नाही' म्हणत नाहीत, योग्य पर्याय निवडा. ऐंशी टक्के मिळाले की सर्टिफिकेट. त्या नव्वद मिनिटांत मी एकाही माणसाशी बोललो नव्हतो. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात होता, आणि इतिहास शोधायला लागलो तर पहिला धागा थेट आमच्या नाक्यावर सापडला.

हिंगण्याला टपालानं आलेलं जपान

कोथरूडमध्ये 'कर्वे पुतळा' हा पत्ता आहे. रिक्षावाल्याला सांगायचा, पीएमटीतून उतरायचा. पुतळा कुणाचा, हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं: महर्षी धोंडो केशव कर्वे, विधवांचं शिक्षण, भारतरत्न 1958. पण त्यांच्या आयुष्यातली एक गोष्ट आजच्या विषयाला फार जवळची आहे.

1896 मध्ये कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला आणि 1900 मध्ये तो हिंगण्याला, म्हणजे आजच्या कर्वेनगरला, एका झोपडीत नेला. स्वतः फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचे आणि हिंगण्याहून चालत जा-ये करायचे. पुढे त्यांच्या हातात टोकियोच्या जपान विमेन्स युनिव्हर्सिटीची माहिती देणारी पुस्तिका पडली. हे विद्यापीठ 1901 मध्ये सुरू झालेलं. 1915 च्या अखेरीस राष्ट्रीय सामाजिक परिषदेत अध्यक्ष म्हणून बोलताना कर्व्यांनी स्त्रियांच्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना मांडली आणि 1916 मध्ये ते सुरूही केलं. तेच आजचं एसएनडीटी.

यात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. एक, कर्व्यांनी जपानची नक्कल केली नाही. शिक्षण मातृभाषेतून द्यायचं, हे त्यांनी इथल्या गरजेतून ठरवलं. दोन, त्यांना तो प्रवास अपुरा वाटला. 1929 मध्ये, सत्तरी ओलांडल्यावर, ते जगाच्या दौऱ्यावर निघाले. युरोप झाला, अमेरिका झाली, जपानही झालं. पुस्तिकेतून कल्पना मिळते, माणूस मिळत नाही. टपाल हे त्या काळचं 'लर्निंग प्लॅटफॉर्म' होतं म्हणा ना, पण ते एकाच दिशेनं चालत होतं.

इंजिनिअरिंगला आम्हाला संपर्काचे तीन प्रकार शिकवतात. सिम्प्लेक्स, म्हणजे एक बोलणार, दुसरा ऐकणार, रेडिओसारखं. हाफ ड्युप्लेक्स, म्हणजे आळीपाळीनं, वॉकीटॉकीसारखं. आणि फुल ड्युप्लेक्स, म्हणजे दोघंही हवं तेव्हा; फोनसारखं. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागणार आहेत.

बालचित्रवाणीचा काळ

तुमच्या आई-बाबांना विचारा, 'बालचित्रवाणी' म्हटलं की त्यांचे डोळे चमकतील. 1984 मध्ये पुण्यात ही संस्था सुरू झाली. दूरदर्शनवर मुलांसाठी शैक्षणिक कार्यक्रम, तेही मराठीत. त्याच वर्षी यूजीसीचे महाविद्यालयीन कार्यक्रमही देशभर दिसू लागले. खेड्यातल्या शाळेत एक टीव्ही, समोर सतरंजीवर पन्नास मुलं, हे त्या काळचं डिजिटल शिक्षण. डिजिटल नव्हतं, पण कळलं ना.

या कार्यक्रमांनी खूप काही दाखवलं. पण तो सिम्प्लेक्स होता. टीव्हीतल्या बाईंना मुलगी दिसत नव्हती. तिनं विचारलेला प्रश्न वर्गातल्या भिंतीपर्यंतच पोचत होता. 2017 मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. कारणं पैशांची होती, प्रशासनाची होती, त्यात आज शिरत नाही. पण एव्हाना जग दुसरीकडे गेलं होतं.

भिंतीतलं भोक आणि ढगातल्या आज्या

26 जानेवारी 1999. दिल्लीतल्या कालकाजीत एनआयआयटीचं ऑफिस आणि शेजारची झोपडपट्टी यांच्यामध्ये एक भिंत. शास्त्रज्ञ सुगत मित्रा यांनी त्या भिंतीत कॉम्प्युटर बसवला, पडदा झोपडपट्टीच्या बाजूला. मुलं आली, बोटं लावली, आपापसांत शिकली. 'होल इन द वॉल' म्हणून हा प्रयोग जगभर गाजला. पुढे तो आपल्या सिंधुदुर्गातही झाला.

मग मित्रांनी एक जास्त अवघड प्रश्न विचारला. मुलं एकटी किती पुढे जातील? तामिळनाडूतल्या कालिकुप्पम गावात त्यांनी तमिळ बोलणाऱ्या मुलांसमोर इंग्रजीतून जैवतंत्रज्ञानाचा मजकूर ठेवला. पहिल्या चाचणीत शून्य. दोन-अडीच महिन्यांनी तीस टक्क्यांच्या आसपास. पुढे पन्नासपर्यंत जायला काय लागलं? शिक्षक नव्हे. मुलांच्या ओळखीची एक तरुण ताई, जिला विषय येत नव्हता. ती फक्त मागे उभी राहून म्हणायची, 'अरे वा, हे कसं केलं? मला तर जमलंच नसतं!' मित्रांनी याला नाव दिलं, आजीची पद्धत. आपल्याकडे कुठल्याही आजीला हे सांगा, ती म्हणेल यात शोध तो काय लावला!

2009 मध्ये ब्रिटनच्या 'गार्डियन' वर्तमानपत्रातून आवाहन गेलं: आठवड्याला एक तास आणि वेबकॅम असेल तर भारतातल्या मुलांशी गप्पा मारायला या. लोक आले. बरेच निवृत्त शिक्षक, काही तरुणही, काही पुरुषही. पण नाव पडलं 'ग्रॅनी क्लाउड'. स्काइपवर त्या गोष्टी वाचायच्या, कागदाच्या घड्या घालून दाखवायच्या, खिडकीबाहेरचा बर्फ दाखवायच्या. शिकवायचं नाही, हा नियम. या सगळ्या कामाची घडी बसवण्यात पुण्याच्याच मानसशास्त्रज्ञ सुनीता कुलकर्णी यांचा मोठा वाटा होता.

2013 मध्ये मित्रांना टेडचं दहा लाख डॉलरचं बक्षीस मिळालं. त्यातून 'स्कूल इन द क्लाउड'च्या सात जागा उभ्या राहिल्या. दोन इंग्लंडमध्ये, पाच भारतात. त्या पाचांपैकी महाराष्ट्रातली जागा होती फलटण.

फलटणच का?

इथं मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ही गोष्ट बाहेर फारशी सांगितली जात नाही.

फलटणची ती जागा म्हणजे प्रगत शिक्षण संस्थेची शाळा, कमला निंबकर बालभवन. शाळा मराठी माध्यमाची. आता हे नाव बघा. कमला निंबकर म्हणजे मूळच्या अमेरिकन, क्वेकर पंथात वाढलेल्या एलिझाबेथ लंडी. विष्णू निंबकरांशी लग्न करून भारतात आल्या, कमला झाल्या. ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे अपंगत्व किंवा आजारानंतर माणसाला रोजची कामं पुन्हा करता यावीत म्हणून दिले जाणारे उपचार, हे शास्त्र त्यांनी भारतात रुजवलं. 1950 मध्ये मुंबईच्या केईएममध्ये त्याचं पहिलं प्रशिक्षण सुरू झालं ते त्यांच्यामुळे.

आणि शाळा काढली कुणी? मॅक्सीन बर्नसन यांनी. त्याही अमेरिकेतल्या. 1961 मध्ये भारतात आल्या, 1966 पासून फलटणला राहिल्या, 1978 मध्ये भारताचं नागरिकत्व घेतलं. पीएचडी केली ती कशावर? फलटणच्या लोकांच्या बोलीवर. पुस्तकी मराठीवर नव्हे, तर तिथं पेठेत, वस्तीत लोक जशी बोलतात त्या मराठीवर. फलटणच्या मुलांसाठी त्या मॅक्सीन मावशी झाल्या. शाळेपासून तुटलेल्या मुलांना वाचायला शिकवण्याचे वर्ग आधी, आणि मग 1986 मध्ये बालभवन.

1975 मध्ये परदेशी विद्यार्थ्यांसाठी मराठीचं व्याकरण आणि मराठी-इंग्रजी शब्दकोश निघाला. त्यात मॅक्सीन मावशींच्या जोडीला होत्या लेखिका जाई निंबकर. जाई निंबकर या कमलाबाईंच्या सूनबाई. आणि माहेरच्या? कर्वे. इरावती कर्वे यांची मुलगी, म्हणजे आपल्या पुतळ्यातल्या धोंडो केशवांची नात. पुढे शाळेची धुरा सांभाळली मंजिरी निंबकरांनी, म्हणजे त्याच घरातली पुढची पिढी.

म्हणजे हिंगण्याला जपानची पुस्तिका वाचणाऱ्या माणसाच्या घरातला धागा, साधारण शंभर वर्षांनी, फलटणमध्ये इंग्लंडच्या आजीशी स्काइपवर बोलणाऱ्या मुलांपर्यंत पोचतो. मी नियती वगैरे मानणारा नाही. पण यात एक शिकण्यासारखं आहे. फलटणमध्ये पडदा लागला तेव्हा त्या शाळेला परकं माणूस नवीन नव्हतं. 'परदेशी बाई' म्हणजे पाहुणी नाही, तर आपली बोली शिकून बसलेली मावशी, हे तिथं आधीच ठाऊक होतं. पडदा खिडकीसारखा होता, पण त्या घराचं दार कितीतरी वर्षं आधी उघडलेलं होतं.

आता या सत्रांत नेमकं काय घडू शकतं, ते एक उदाहरण रचून सांगतो. समजा मुलीनं विचारलं, 'आजी, तुमच्या घरात अजून कोण असतं?' आजी म्हणाली, 'मी आणि मांजर.' वर्गात शांतता. मुलांच्या मनात पहिलं येणार, 'बिचारी! हिला मुलांनी टाकलं का?' आजी हसून सांगते की ती स्वतःच्या मर्जीनं एकटी राहते, मुलगा तासाभराच्या अंतरावर आहे, रविवारी येतो. मग ती विचारते, 'तुझ्या घरात किती जण?' 'नऊ.' आता गोंधळायची पाळी तिची. 'मग तुला एकटं बसावंसं वाटलं तर कुठं बसतेस?' मुलीनं या प्रश्नाचा कधी विचारच केलेला नसतो. इथं दोघींनाही स्वतःचं घर पहिल्यांदा बाहेरून दिसलं. हे नव्वद मिनिटांच्या कोर्समध्ये येत नाही, कारण तिथं समोरचं कुणी गोंधळत नाही. हे फुल ड्युप्लेक्स.

पण थांबा

एवढं गोड गोड ऐकून तुम्ही वैतागला असाल तर बरोबर आहे. या प्रयोगांवर टीकाही कडक झाली.

मार्क वॉरशॉवर हे संशोधक दिल्लीतल्या भिंतीपाशी गेले. त्यांना दिसलं की बराच वेळ खेळ आणि चित्रं रंगवण्यात जातो, आणि हिंदीतलं साहित्य जवळपास नाहीच. पायल अरोरा यांनी 2010 मध्ये उत्तराखंडातल्या अल्मोडा आणि हवालबाग इथली केंद्रं पाहून लिहिलं की गाजावाजा झालेली ही केंद्रं तिथं बंद पडली होती. फलटणच्याच बरोबरीच्या सुंदरबनमधल्या कोराकाटीत वीज आणि इंटरनेटशी झगडण्यातच किती काळ गेला, ते जेरी रॉथवेल यांच्या माहितीपटात दिसतं.

माझा स्वतःचा आक्षेप आणखी एक आहे. आजी इंग्रजीत बोलते, मूल इंग्रजीकडे सरकतं. आजी मराठीकडे किती सरकते? पूल दोन्ही बाजूंनी बांधायचा असेल तर दोघांनीही दगड वाहायला हवेत. रोजच्या कामात मी हे बघतो. परदेशातल्या टीमबरोबर मीटिंग असली की आमच्यातले सगळे आपले उच्चार इस्त्री करून बसतात. समोरच्याला आमची नावंही धड घेता येत नाहीत, आणि त्याची सवय आम्हालाच झालेली असते. तंत्रज्ञान फुल ड्युप्लेक्स, नातं सिम्प्लेक्स. शाळेतल्या मुलांनाही आपण तेच शिकवणार असू, तर मग ती क्षमता कसली? ती नुसती जुळवून घेण्याची सवय झाली.

परितेवाडीची उलटी वाट

म्हणूनच मला सोलापूर जिल्ह्यातली, माढा तालुक्यातली परितेवाडी महत्त्वाची वाटते. रणजितसिंह डिसले गुरुजींचं नाव तुम्ही ऐकलं असेलच. 3 डिसेंबर 2020 ला त्यांना दहा लाख डॉलरचा 'ग्लोबल टीचर प्राइझ' जाहीर झाला आणि त्यांनी निम्मी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना वाटून टाकली. बातमी तिथंच संपली. खरी गोष्ट त्याआधीची आहे.

2009 मध्ये ते या जिल्हा परिषदेच्या शाळेत आले तेव्हा शाळेची इमारत म्हणजे गुरांचा गोठा आणि साठवणीची खोली यांच्यामध्ये अडकलेली. मुलींची हजेरी तुटपुंजी. पुस्तकं मराठीत, आणि बऱ्याच मुलींच्या घरची भाषा कन्नड. गुरुजींनी काय केलं? स्वतः कन्नड शिकले. पुस्तकांतला मजकूर मुलींच्या भाषेत आणला, आणि त्यावर क्यूआर कोड चिकटवले, जे स्कॅन केले की गाणी, कविता, गोष्टी, धडे ऐकू-दिसू लागायचे. 2017 मध्ये राज्य सरकारनं सगळ्या इयत्तांच्या पुस्तकांत क्यूआर कोड आणायचं ठरवलं. आज बालभारतीच्या पुस्तकावर जो चौकोन आहे, त्याचं मूळ इथलं.

त्यानंतर त्यांनी जगाकडे तोंड वळवलं. स्काइपवरून आभासी सहली, आणि 'लेट्स क्रॉस द बॉर्डर्स' हा उपक्रम. ज्या देशांचं एकमेकांशी वैर आहे, भारत-पाकिस्तान, इस्रायल-पॅलेस्टाइन, इराक-इराण, तिथल्या मुलांच्या जोड्या लावायच्या आणि सहा आठवडे त्यांनी एकमेकांशी बोलायचं. प्रत्येकाला एक 'शांतता-मित्र'. पुरस्काराच्या वेळी दिलेल्या माहितीप्रमाणे आठ देशांतले 19,000 विद्यार्थी यात सामील झाले होते.

यातला क्रम बघा. गुरुजींनी आधी ओलांडली ती लाहोरची नाही, तर कन्नडची सीमा. वर्गातल्या वर्गात असलेली. आणि ती ओलांडताना भाषा शिकण्याचं ओझं मोठ्या माणसानं उचललं, मुलांवर टाकलं नाही. मॅक्सीन मावशींनीही नेमकं हेच केलं होतं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या या दोन्ही प्रयोगांचं गुपित कुठल्याही ॲपमध्ये नाही, या क्रमात आहे. दुसरी गोष्ट, सहा आठवडे. एकाच माणसाशी पुन्हा पुन्हा. पहिल्या कॉलला 'हाय, हॅलो, व्हॉट इज युवर फेवरेट फूड' होतंच. मनातला प्रश्न चौथ्या-पाचव्या भेटीत बाहेर येतो.

मग आज आपण कुठं आहोत?

2017 मध्ये केंद्राचं दीक्षा ॲप आलं. 2020 च्या लॉकडाउनमध्ये सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' आली, घरोघरी व्हॉट्सॲपवर पीडीएफ आल्या. त्या संकटात हे लागणारच होतं, आणि ज्यांनी केलं त्यांनी मनापासून केलं. पण हिशेब मांडला तर आज 'डिजिटल शिक्षण' म्हटल्यावर डोळ्यांसमोर काय येतं? रेकॉर्ड केलेला व्हिडिओ, दीडपट वेगानं. म्हणजे हातात फुल ड्युप्लेक्स यंत्र आणि वापर बालचित्रवाणीचा, तोही सतरंजीवरच्या शेजाऱ्याशिवाय. मे 2025 मध्ये तर मायक्रोसॉफ्टनं स्काइपच बंद केलं. आज्यांनी आणि डिसले गुरुजींनी वापरलेलं साधन संग्रहालयात गेलं. साधनं जातात, त्याचं दुःख नाही. पण त्यावर घडलेली सवय मागे उरली का, हा प्रश्न आहे.

आणि आता आमच्या कोथरूडबद्दल. इथल्या सोसायट्यांमध्ये दर तिसऱ्या-चौथ्या घरात आजी-आजोबा आहेत ज्यांची मुलं न्यू जर्सीत किंवा म्युनिकमध्ये आहेत. दर शनिवार-रविवारी ते टॅब्लेट उभा करून बसतात. नातू अर्धवट मराठीत बोलतो, आजी अर्धवट इंग्रजीत. 'तुमच्याकडे आज बर्फ पडला का?' 'आजी, व्हॉट इज चातुर्मास?' त्यांना कुणी सांगितलेलं नाही, पण जगातला सर्वांत अनुभवी ग्रॅनी क्लाउड हाच आहे! दोन संस्कृतींच्या मधला गोंधळ हसत हसत निस्तरायचा रोजचा सराव.

आणि त्याच सोसायटीच्या बाजूला नवी इमारत चढत असते. पत्र्याच्या खोल्यांत बांधकामावरच्या कुटुंबांची मुलं असतात. कुणाच्या घरी कन्नड, कुणाकडे तेलुगू, कुणाकडे छत्तीसगढी. 1988 मध्ये मुंबईत सुरू झालेली डोअर स्टेप स्कूल ही संस्था पुण्यात अशा मुलांपर्यंत शाळा नेण्याचं काम करते. त्या मुलांचं गाव बदलतं, इमारत बदलते, शाळा सुटते. पण आजकाल त्या खोलीत एक तरी स्मार्टफोन असतो. मूल वाघोलीला गेलं तरी नंबर तोच राहतो.

तुम्हाला कळलंच असेल मी कुठं चाललोय. आजी इकडे, मूल तिकडे, मध्ये शंभर मीटर आणि एक पत्र्याचं कुंपण. आजीला अमेरिकेतल्या नातवाचं सगळं ठाऊक, खाली खेळणाऱ्या मुलाच्या घरी कुठली भाषा बोलतात ते ठाऊक नाही. आठवड्याला एक तास, तीच आजी आणि तेच मूल, दोन-तीन महिने. आजीनं त्याच्या भाषेतले पाच शब्द शिकायचे, त्यानं तिच्या. मूल दुसऱ्या साइटवर गेलं की उरलेल्या गप्पा फोनवर. याला सर्व्हर लागत नाही, निधी लागत नाही. मुलांच्या सुरक्षिततेसाठी मात्र पालकांना माहीत असणं आणि मध्ये एखादी जबाबदार संस्था किंवा शिक्षक असणं, एवढं लागतं. ते टाळून चालणार नाही.

कर्व्यांकडे एक पुस्तिका होती आणि पाय होते. मॅक्सीन मावशींकडे चिकाटी होती. डिसले गुरुजींकडे लॅपटॉप आणि नव्यानं शिकलेली कन्नड होती. आपल्याकडे अनलिमिटेड डेटा आहे. त्याच्या जोडीला काय ठेवायचं, ते आपण ठरवायचं.

तर मंडळी, आजचा गृहपाठ. तुमच्या घरी, ऑफिसात, मेसमध्ये, लिफ्टमध्ये जो माणूस रोज भेटतो आणि ज्याची घरची भाषा मराठी नाही, त्याला विचारा की 'जेवलास का?' हे त्याच्या भाषेत कसं म्हणतात. उत्तराची व्हॉइस नोट मला पाठवा. पुढच्या भागाची सुरुवात आपण त्या आवाजांनीच करू. आणि घरात आजी असेल तर हा भाग तिला मोठ्यानं लावून ऐकवा. ती काय म्हणते ते ऐकायला मी जास्त उत्सुक आहे.

भेटू पुढच्या रविवारी. काळजी घ्या!